साडीला न मानवणारा माइक

कमरेला बांधायचा हा माइक मी डिसेंबर २०२० मध्ये बेळगावच्या खडे बाजारात १,४५० रुपयांना घेतला. डोक्याला अडकवायची माइकची दांडी, एक वायर आणि साबणदाणीएवढा स्पीकर. डब्यावरच्या कंपनीचं नाव त्यानंतर कुठंच दिसलं नाही. पाचपैकी साडेतीन देते.

मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात विज्ञान शिकवते. माझा आवाज तसा गल्लीच्या टोकापर्यंत जातो, माइकची गरज पडली ती मास्कमुळं. कोरोनात शाळा बंद, म्हणून ऑगस्टमध्ये विद्यागम, म्हणजे मुलांना गावातच गटागटानं बसवून शिकवायची कर्नाटक सरकारची योजना, सुरू झालं तेव्हा आम्ही मुलं देवळाच्या कट्ट्यावर बसवायचो. पहिल्याच आठवड्यात मागून एकजण म्हणाला, "बाई, काय सांगूलालाय कळंना की ओ." मी सवयीनं मास्क हनुवटीवर ओढला. मुलंही सरकत सरकत माझ्या गुडघ्याला येऊन टेकली. धडा संपल्यावर भान आलं. मला साखर, घरी सासूबाई ऐंशीच्या. त्या दिवशी मागच्या दारानं घरात शिरले, न्हाणीतच साडी भिजवली आणि पुढं आठ दिवस त्यांचं ताट उंबऱ्यावर ठेवून मागं फिरत राहिले. त्यांना वाटलं, सून रुसली. ऑक्टोबरमध्ये विद्यागम थांबवलं तेव्हा मला हायसं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

मग १ जानेवारीपासून दहावीचे वर्ग भरवायची सुत्तोले, म्हणजे सरकारी परिपत्रक, आली. शिक्षकांची आरटीपीसीआर, पालकांचं संमतीपत्र, मास्क, सगळं होतं त्यात. मास्कमधून ओहमचा नियम शेवटच्या बाकापर्यंत कसा पोचवायचा, ते नव्हतं. म्हणून खडे बाजार.

आता वस्तूबद्दल. आवाज स्वच्छ आहे. आवाज अर्ध्यावर ठेवला तरी शेवटचा बाक ऐकतो, आणि मास्क नाकावरून हलवावा लागत नाही. माझ्यासाठी सगळे पैसे तिथंच वसूल. पण फळ्याकडं वळलं की कुई करून शिट्टी मारतो, कारण स्पीकरचा आवाज भिंतीवर आपटून परत माइकात शिरतो. वर्ग हसतो. यावर उपाय एकच, स्पीकर पाठीमागं सरकवायचा आणि आकृती काढताना गप्प बसायचं.

पट्टा मात्र पँटवाल्या मास्तरांसाठी केलेला आहे. साडीवर बांधला की निऱ्या ओढल्या जातात, क्लिप खोचली तर पदराबरोबर खाली येते. पहिल्या दिवशी तिसऱ्या तासाला तो धाडकन फरशीवर पडला, कोपरा फुटला. शेवटी नाडी ओवून खांद्यात अडकवला. शिवाय कानामागं चष्मा, मास्कची दोरी आणि माइकची दांडी अशी तिघांची भांडणं. मास्क काढायला जावं तर चष्माच हातात येतो.

डब्यावर बॅटरी बारा तास लिहिलंय. माझ्याकडं चार तास, म्हणजे शाळेचे चार तास, पिरियड.

आणखी एक. आमच्या गणिताच्या सरांनी तो एका तासापुरता मागितला. माइकच्या तोंडावर स्पंजची टोपी असते, बोलताना थुंकी तिथंच साठते. मी नाही म्हटलं. वीस वर्षं एका डब्यात जेवलेल्या माणसाला मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी दहा रुपयांच्या दोन टोप्या आणल्या, तर ते म्हणाले, "राहू दे हो बाई, मला फळा पुरे." घेणार असाल तर जादा टोप्या आधीच घ्या.

एप्रिलमध्ये लोकसभेची पोटनिवडणूक, आमच्यातल्या बऱ्याच जणांना ड्युटी. मे महिन्यात शिक्षकांच्या ग्रुपवर सकाळी मोबाइल उघडायला हात धजत नव्हता, भावपूर्ण श्रद्धांजली एकाखाली एक. माइक तेव्हा कपाटात होता.

जुलैत काढला. १९ आणि २२ तारखेला, दोनच दिवसांत एसएसएलसीचे, म्हणजे दहावी बोर्डाचे, सहा विषय, तेही ओएमआरवर, म्हणजे उत्तराचा गोल काळा करायच्या कागदावर. आदल्या आठवड्यात मुलांना पटांगणात लांब लांब उभं करून गोल कसा काळा करायचा ते याच माइकवरून सांगितलं. मोकळ्यावर शिट्टी मारत नाही, हे तेव्हा कळलं.

अजून चालतो. बॅटरी फुगल्यामुळं मागचं झाकण बसत नव्हतं, नवी घातली, तरी झाकणाला रबर लावावंच लागतं. बायकांनी घ्यायच्या आधी दुकानातच साडीवर बांधून, चार पावलं चालून बघा. दुकानदार हसला तर हसू दे.