छाटणी आधी, तिकीट नंतर: नाशिकहून शर्यत बघायला सिंगापूर, सेपांग की अबू धाबी?

आम्ही तिघे मित्र. एक सातपूरला कंपनीत, एकाची पिंपळगावला द्राक्षबाग आणि मी. गणपती उठले की दरवर्षी एकच विषय निघतो: या खेपेला शर्यत टीव्हीवर नाही, तिथे जाऊन बघायची. युरोपचा खर्च काढला की सगळे गप्प होतात आणि तीन नावं उरतात. सिंगापूरची फॉर्म्युला वन, मलेशियात सेपांगची मोटोजीपी (दुचाकींची जागतिक शर्यत) आणि अबू धाबीची फॉर्म्युला वन. पहिल्या दोन मी बघून आलोय, अबू धाबीला बागाईतदार जाऊन आलाय.

तिकिटाच्या आधी तारखा बघा, कारण नाशिककरांची खरी अडचण तिथेच आहे. सिंगापूर सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात येतं. म्हणजे ऐन गोडी छाटणी, द्राक्षाला फळ धरण्यासाठीची. छाटणी झाली की पाऊस नुसता भुरभुरला तरी डावणी या बुरशीरोगाच्या धास्तीने पहाटे फवारणीचा ट्रॅक्टर बाहेर काढावा लागतो. अशा वेळी बागाईतदाराला पासपोर्ट दाखवायचाही नाही. सेपांग ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरची सुरुवात, बहुतेकदा दिवाळीच्या मागेपुढे. बागेचं काम तेव्हाही अंगावर असतं, वर घरच्यांची समजूत काढायची आणि विमानभाडंही चढलेलं. अबू धाबी डिसेंबरच्या सुरुवातीला. तोवर छाटणीनंतरची मोठी धावपळ सरलेली असते, चार दिवस बाग भावावर टाकून जाता येतं. आमचा मित्र तिकडे गेला तो याच हिशेबाने, शर्यतीच्या प्रेमाने नव्हे. नोकरदारांना अर्थात हा सगळा परिच्छेद सोडून देता येईल.

आता तिथे दिसतं काय? पहिल्यांदा जाणाऱ्याचा इथेच हिरमोड होतो. टीव्हीवर अख्खी शर्यत दिसते, स्टँडवरून एखाद-दुसरं वळण. सिंगापूरला साधारण ४.९ किलोमीटरच्या ६२ फेऱ्या. गाड्या दीड-पावणेदोन मिनिटांनी समोरून जातात, दोन-तीन सेकंदांत दिसेनाशा होतात. कोण कितवा हे मोठ्या पडद्यावर बघून कळतं. पूर्वी आपल्या नाशिकच्या मातीत रॅली ऑफ महाराष्ट्र व्हायची, ती ज्यांनी कडेला उभं राहून पाहिली त्यांना ही सवय आहे: धूळ, आवाज, गाडी गेली, आता पुढची. सर्किटवर तोच अनुभव, फक्त धूळ नाही आणि तिकीट जबरी.

या बाबतीत सेपांग उजवं. ५.५४३ किलोमीटरचं सर्किट, मुख्य शर्यत २० फेऱ्यांची; पण रविवारी मोटो थ्री, मोटो टू (लहान इंजिनांचे खालचे गट) आणि मोटोजीपी अशा तीन शर्यती ओळीने होतात, शनिवारी स्प्रिंट, म्हणजे छोटी शर्यत, वेगळी. शिवाय तिथली मुख्य प्रेक्षागृहं दोन लांबलचक सरळ पट्ट्यांच्या मधोमध उभी आहेत. शेवटच्या हेअरपिनजवळची (उलट फिरणाऱ्या तीव्र वळणाजवळची) जागा मिळाली तर मागच्या पट्टीवरून येणारा घोळका दिसतो, ब्रेक मारताना मागचं चाक हवेत उचललेलं दिसतं आणि मान वळवली की तेच लोक समोरच्या पट्टीवर निघालेले असतात. आवाज कानात नाही, बरगड्यांत वाजतो. तिकीटही तिन्हींत सर्वांत स्वस्त. मी स्वतः दुचाकीवाला, तेव्हा माझं माप थोडं झुकतं आहे हे धरून चाला.

सेपांगची खोट म्हणजे पाऊस. दुपारी तीनला शर्यत आणि तिथला पाऊसही साधारण दुपारचाच. २००९ मध्ये इथली फॉर्म्युला वन पावसाने अर्धवट थांबवावी लागली आणि चालकांना निम्मेच गुण मिळाले. हिरवळीच्या टेकडीवरचं स्वस्त तिकीट काढलंत तर छत्री नको, मागच्यांना दिसत नाही. रेनकोट आणि बसायला प्लास्टिकची ताडपत्री न्या. दुसरी खोट मी पैसे मोजून शिकलो. एका एजंटच्या पॅकेजमध्ये ‘सर्किटजवळ हॉटेल’ लिहिलं होतं. हॉटेल निघालं क्वालालंपूर शहरात, सर्किटपासून साठेक किलोमीटर लांब. शर्यत सुटल्यावर ॲपवर गाडी मिळेना, दोन तास ओल्या बुटांनी फुटपाथवर. सर्किट विमानतळाच्या शेजारी आहे, तेव्हा मुक्काम विमानतळाकडेच करा.

सिंगापूरला हा त्रास अजिबात नाही. शर्यत भर शहरातल्या रस्त्यांवर, मेट्रो स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर. २००८ साली फॉर्म्युला वनची पहिली रात्रीची शर्यत इथेच झाली. तिथले आठ म्हणजे आपले साडेपाच. उकाडा मात्र रात्रीही मुंबईच्या मे महिन्यासारखा. चालकांचं एका शर्यतीत दोन-तीन किलो वजन घामाने उतरतं, बघणाऱ्यांचंही थोडं उतरत असावं. वॉकअबाउट, म्हणजे फिरून बघायचं तिकीट खुर्चीपेक्षा स्वस्त, पण त्यात ठरलेली जागा नाही. जाळीपाशी चांगली जागा हवी तर तासन् तास आधी उभं राहावं लागतं. आईवडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर खुर्चीचंच तिकीट घ्या. कुटुंब घेऊन जायचं तर तिन्हींत मी सिंगापूरच सुचवेन: ज्याला शर्यतीत रस नाही त्याला संध्याकाळपर्यंत शहर आहे, तिकिटातच गाण्यांचे कार्यक्रम आहेत आणि लिटल इंडियात शाकाहारी ताट मिळतं. खिसा कापतं ते हॉटेल. त्या आठवड्यात दर कुठल्या कुठे जातात, म्हणून खोली आधी, विमान नंतर.

अबू धाबीबद्दल ऐकीव सांगतो. यास मरिना सर्किट, ५.२८१ किलोमीटर, ५८ फेऱ्या. उजेडात सुरू होऊन दिव्यांत संपणारी शर्यत, हवा सुखद. हंगामातली शेवटची शर्यत असल्याने २०२१ सारखं अजिंक्यपद शेवटच्या फेरीत फिरताना बघायला मिळू शकतं. किंवा विजेता आधीच ठरलेला असतो आणि तुम्ही नुसती आतषबाजी बघून येता. दुबईत मावसभाऊ असेल तर राहण्याचा खर्च वाचतो. फक्त यास बेट तिथून शंभरावर किलोमीटर आहे, हे त्याला आधी सांगा.

कागदपत्रांत मलेशिया सोपं. डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवस व्हिसाशिवाय प्रवेश आहे, फक्त डिजिटल अरायव्हल कार्ड भरायचं. सवलत चालू आहे ना, एवढं बुकिंगआधी बघा. सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटमार्फत, अमिरातीचा ऑनलाइन. विमान तिन्हींना मुंबईहूनच सोयीचं. समृद्धीने इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे झटकन होतं, पण भिवंडी-ठाण्याची कोंडी तिथेच आहे, तेव्हा विमानाच्या सात-आठ तास आधी घर सोडा.

आणि पासपोर्टच अजून हातात नसेल तर? ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वन २०११ ते २०१३ झाली, मोटोजीपी २०२३ मध्ये एकदाच. त्या भरवशावर बसू नका. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या होतात, मोटारी आणि दुचाकी दोन्ही. सर्किट लहान, ३.७ किलोमीटरचं, आणि परदेशवारीच्या खर्चाच्या मानाने फार थोडक्यात भागतं. सातपूरवाला यंदा तिकडेच निघालाय, कारण त्याच्या पासपोर्टवर अजून जुना पत्ता आहे.