३१६ एल फोर्जिंग बार: दोन हीट, दोन स्वभाव

फ्लँजच्या (पाइप जोडायच्या कड्यांच्या) फोर्जिंगसाठी, म्हणजे तापवून घावांनी आकार देण्यासाठी, आम्ही ३१६ एल स्टेनलेस स्टीलचे गोल बार एकाच पुरवठादाराकडून दोन हीटमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या वेळी वितळवून ओतलेल्या दोन घाण्यांमध्ये, घेतले. दोन्हींची सर्टिफिकेटे निर्दोष होती: क्रोमियम १६ ते १८ टक्के, निकेल १० ते १४ टक्के, मॉलिब्डेनम २ ते ३ टक्के आणि कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत. तरीही पहिल्या हीटचा माल हॅमरखाली मुकाट्याने बसला, तर दुसऱ्या हीटच्या तुकड्यांच्या कडांना पहिल्या काही घावांतच बारीक चिरा गेल्या.

कारण त्या मर्यादांच्या आतच दडलेले होते. दुसऱ्या हीटमध्ये क्रोमियम आणि मॉलिब्डेनम वरच्या टोकाला, तर निकेल १० टक्क्यांच्या जेमतेम वर होते. अशा पोलादात अणूंच्या दोन मांडण्या संभवतात: लोहचुंबकाला ओढला जाणारा फेराइट आणि न ओढला जाणारा ऑस्टेनाइट. क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि सिलिकॉन फेराइटला बळ देतात. निकेल, कार्बन आणि नायट्रोजन ऑस्टेनाइटला. ‘एल’ ग्रेडमध्ये कार्बन मुद्दाम कमी केलेला असल्याने ती उणीव निकेलने किंवा नायट्रोजनने भरून काढावी लागते, आणि येथे नेमकी तीच काटकसर झाली होती. अशा घडणीचा बार १२५० अंश सेल्सिअसला तापवला की ऑस्टेनाइटमध्ये डेल्टा फेराइटचे (उच्च तापमानाला तयार होणाऱ्या फेराइटचे) पट्टे टिकून राहतात, किंबहुना वाढतात. त्या तापमानाला फेराइट अधिक मऊ असल्यामुळे विरूपण त्याच्यातच एकवटते आणि या दोन प्रावस्थांच्या (मांडण्यांच्या) सीमेवर धातू फाटतो. चिरलेल्या तुकड्याजवळ दोऱ्याला टांगलेला लोहचुंबक नेला, तेव्हा तो हलकेच त्याच्याकडे झुकला. पहिल्या हीटच्या तुकड्याकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही.

पहिल्या हीटबद्दलही एक तक्रार आहे, मात्र ती पुरवठादाराची नव्हे, ग्रेडची आहे. मॉलिब्डेनमचे अणू सरकत्या कणसीमांना, म्हणजे धातूच्या स्फटिककणांमधल्या हद्दींना, मागे ओढतात. त्यामुळे ३०४ या मॉलिब्डेनमविरहित ग्रेडच्या तुलनेत हा धातू गरम असतानाही अधिक दाब मागतो आणि त्याचे गतिज पुनःस्फटिकीकरण, म्हणजे घाव चालू असतानाच नवे कण जन्मणे, उशिरा सुरू होते. ९५० अंशांच्या आसपास काम संपवलेल्या एका तुकड्याचा काप ऑक्झॅलिक आम्लात इलेक्ट्रोलाइटिक एचिंग करून (विजेच्या साहाय्याने पृष्ठभाग कोरून कणांच्या हद्दी उघड्या करून) सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर जुन्या, लांबट झालेल्या मोठ्या कणांच्या कडेने नव्या बारीक कणांची माळ ओवलेली दिसली. ही माळ देखणी असली, तरी मिश्र कणमान ग्राहकाच्या तपासणीत चालत नाही. शेवटचे घाव १००० अंशांच्या वर आणि पुरेशा मोठ्या घटीने (जाडी पुरेशी कमी करून) दिल्यावर कण सारखे झाले. टायटॅनियमयुक्त ३२१ किंवा नायोबियमयुक्त ३४७ वापरणाऱ्यांनी तर याहून अधिक सावध राहावे, कारण त्यांतील कार्बाइडचे सूक्ष्म कण कणसीमांना जागीच जखडून ठेवतात.

दुसऱ्या हीटचे तापमान ११८० अंशांवर आणल्यावर चिरा बऱ्याच कमी झाल्या, पण हॅमरचे घाव वाढले आणि मधूनच पुन्हा तापवण्याची पाळी आली. पहिल्या हीटला मी पाचपैकी साडेचार गुण देईन. दुसरीला फोर्जिंगसाठी दोन, आणि नुसत्या टर्निंगसाठी मात्र निःसंकोच चार. उरलेले बार लेथवर पाठवले आहेत. नव्या मागणीपत्रात ‘३१६ एल’ एवढेच न लिहिता निकेल किमान १२ टक्के हवे, असे स्वतंत्रपणे नमूद केले आहे. दर थोडा चढा लागला, तो विनातक्रार मान्य केला.