अटकेनंतरची ‘मेडिकल’ : पाचपैकी दोन तारे

मुंबई असो, पुणे असो की नागपूर, अटक झाली की पोलिस आरोपीला ‘मेडिकल’ला, म्हणजे सरकारी दवाखान्यात वैद्यकीय तपासणीला नेतात. सेवा सरकारी आणि फुकट, शिवाय ती मागावी लागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ ने ती बंधनकारक केली आहे. आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ५४ होतं. सरकारी डॉक्टरांनी अटकेनंतर लगेच तपासायचं, अंगावरच्या जखमा आणि त्या अंदाजे कधी झाल्या ते लिहायचं, आणि अहवालाची प्रत आरोपीला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला द्यायची. आरोपी बाई असेल तर तपासणी महिला डॉक्टरनेच किंवा तिच्या देखरेखीखाली करायची. शिवाय कोठडीत दर ४८ तासांनी पुन्हा तपासणी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डी. के. बसू निकालात घालून दिलेलं आहे. कायद्यात खोट काढायला फारसा वाव नाही.

खोट आहे ती खोलीत. अपघात विभागात रांग, डॉक्टरांपुढे पोलिसांचं पत्र, आणि आरोपीचा दंड धरून उभा असलेला शिपाई. ‘काही मार लागलाय का?’ या प्रश्नाचं उत्तर त्याच्या समोर काय येणार? ‘नाही साहेब.’ शर्ट अंगातच राहतो, कागदावर ‘ताजी जखम नाही’ असं उमटतं आणि पुढचा पेशंट आत येतो. डॉक्टरांनी पोलिसाला दाराबाहेर, दिसेल पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर उभं करायला हवं. दोन मिनिटांचं काम, पण गर्दीत तेच राहून जातं.

कपडे न काढता केलेली तपासणी जवळपास निरुपयोगी, कारण काठीचा मार बहुधा तळपाय, मांड्या आणि ढुंगणावर असतो. खोलवरचा मुका मार कातडीवर उमटायला एखाद-दोन दिवस लागतात. म्हणून पहिल्या तासातला ‘निरंक’ अहवाल खोटा नसला तरी पुरेसा नसतो. वळ आधी लालसर, मग निळा-जांभळा, पाच-सहा दिवसांनी हिरवट, मग पिवळट होतो आणि साधारण दोन आठवड्यांत जातो. सावळ्या कातडीवर हे रंग नीट दिसत नाहीत. दाबून दुखतंय का ते बघावं लागतं. तळपायावर तर वरून काहीच दिसत नाही, पण माणूस टाच टेकू शकत नाही. त्याला चार पावलं चालायला लावलं तरी पुरतं.

खरा धोका मूत्रपिंडाला. मांड्यांवर खूप मार बसला की स्नायू फुटतात, त्यातलं रंगद्रव्य रक्तात उतरतं आणि लघवी काळ्या चहासारखी होते. अशा वेळी लघवीची तपासणी, सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) लगेच करायला हवं, सलाईन सुरू करायला हवं. मिळते मात्र डायक्लोफेनॅकची गोळी, जी आधीच दबलेल्या मूत्रपिंडाला आणखी मारते. दारूची सवय असलेल्यांचं वेगळंच. दारू तुटल्यावर काही तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, तिसऱ्या दिवसाच्या आसपास भ्रम होतो. लॉकअपमध्ये याला ‘नाटक’ म्हणतात. इन्सुलिन, क्षयाच्या आणि फिटच्या गोळ्यांचंही तसंच. कोठडीतल्या माणसाच्या तब्येतीची काळजी ही पोलिसांची जबाबदारी, असं त्याच संहितेचं कलम ५६ स्पष्ट सांगतं.

सेवा सगळ्यांना सारखी मिळत नाही, हे तर उघड आहे. पारध्यांसारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणाऱ्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला कागदावरून पुसला, तरी आसपास घरफोडी झाली की पारध्यांच्या पालावर संशय आधी जातो. पत्रात ‘सराईत’ हा शब्द आला की डॉक्टरांचा हातही लवकर आटपतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारागृहांतल्या जातीभेदावरच्या निकालात विमुक्त, म्हणजे त्या शिक्क्यातून सुटलेल्या जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांना बजावलं, ते उगाच नव्हे. नुकसान अटकेपुरतं राहत नाही. मोठ्या सरकारी दवाखान्यात पोलिस चौकी असते आणि जखमेचा पेशंट दिसला की एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद चौकीत जाते. एकदा असा अनुभव घेतलेला माणूस पुढे डोकं फुटलं तरी तिथे जायला कचरतो. मग त्याच इमारतीतली क्षयाची औषधं आणि बायकोची गरोदरपणातली तपासणी, दोन्हींचा रस्ता लांबतो.

दोन तारे कशासाठी? एक, कागद निघतो आणि त्यावर वेळ पडते. पुढे कोर्टात ती वेळ कामाला येते. दुसरा, काही डॉक्टर खरोखर शर्ट काढायला लावतात.

घरच्यांनी आणि वकिलांनी अहवालाची प्रत मागताना ‘आम्हाला नेमलंय’ हे आरोपीकडून लिहून घ्यावं. केसपेपरचा नंबर आणि वेळ टिपून ठेवावी. डॉक्टरांना गरज वाटली तर पुन्हा तपासता येतं. ही मुभा कलम ५३ मध्येच आहे, तिचा उल्लेख करून विनंती करावी. पहिल्या रिमांडला, म्हणजे कोठडीसाठी कोर्टात उभं केल्यावर, न्यायाधीश ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ विचारतात, तेव्हा कुठे, कशाने आणि कधी मारलं एवढं तरी सांगावं आणि ते नोंदवून घ्यायला सांगावं. वकील नसेल तर मोफत विधी सेवेचा नंबर १५१०० आहे. पीसीआर (पोलिस कोठडी) वाढवून मागितली गेली, तर मागच्या ४८ तासांतली तपासणी झाली का, हे वकिलाने त्याच सुनावणीत विचारावं.