रस्त्यावरचं कुत्रं उचललं. आता बिल कोण भरणार?

दांडिया बाजारात आमच्या गल्लीतली भुरी कुत्री स्कूटरखाली आली तेव्हा मी आधी १९६२ ला फोन लावला. पहिला प्रश्न आला, "बेन, कूतरुं तमारुं छे?" वडोदऱ्यात मदत शोधायला निघालात की हा प्रश्न पावलोपावली येतो, म्हणून उत्तर घरून ठरवून निघा.

१९६२ म्हणजे गुजरात सरकारची, २०१७ पासून चालणारी करुणा अ‍ॅम्ब्युलन्स. जनावर बेवारशी असेल तर पैसे पडत नाहीत आणि डॉक्टर जागेवर येतात. जखमेत अळ्या पडल्यात, पट्टी करायची आहे, एखादं इंजेक्शन हवंय, तर दुसरीकडे धावूच नका. अडचण पुढे येते. डॉक्टर निघून जातात आणि कुत्रं तुमच्या हातात राहतं. पार्व्हो, म्हणजे विषाणूमुळे होणारी जीवघेणी हगवण-उलटी, झालेल्या पिल्लाला तीन-चार दिवस, कधी आठवडाभरही सलाईन लागतं. ते फुटपाथवर कोण लावणार?

हाड मोडलं असेल तर मी आणंदच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय निवडेन. एक्स-रे, भूल, शस्त्रक्रिया सगळं एका आवारात होतं, आणि खासगी दवाखान्याच्या मानाने खर्च फार कमी. खिसा रिकामा होतो तो गाडीभाड्यात. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर, मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेलं कण्हणारं कुत्रं, आणि अख्खा दिवस गेलेला.

प्राण्यांसाठी काम करणाऱ्या ट्रस्टची मदत ऐकायला सगळ्यात गोड. एका संस्थेने मला सांगितलं, "बिल पाठवा, बघू." बिल पाठवून वर्ष झालं, बघणं अजून चालू आहे. तेव्हापासून माझा नियम एकच: किती रक्कम देणार ते ऑपरेशनच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्यायचं आणि पैसे थेट डॉक्टरांकडे जायला हवेत. भारतीय पशु कल्याण मंडळाचं अनुदान मान्यताप्राप्त संस्थांनाच मिळतं, तेव्हा स्वतःच्या नावाने अर्ज करण्यात दिवस घालवू नका.

राहिली वर्गणी. अपघाताचा फोटो टाकला की दोन दिवसांत पैसे जमतात. गोचीड तापाचं मात्र तसं नाही. औषध साधं, पण जवळपास महिनाभर रोज द्यायचं. त्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं, म्हणून कोणी देत नाही. शिवाय तुमच्या खात्यात आलेल्या पैशांवर देणाऱ्याला ८०जी म्हणून ओळखली जाणारी देणगीवरची आयकर सवलत नाही. ती हवी असणाऱ्याला सरळ त्या सवलतीसाठी नोंदणी झालेल्या ट्रस्टकडे पाठवा, आणि दोन हजारांवरची रक्कम रोखीत देऊ नका म्हणावं.

एका बाबतीत मी आधी चुकले होते. जननेंद्रियावरच्या संसर्गजन्य गाठीला आठवड्याला एक अशी चार-सहा इंजेक्शनं लागतात. औषध महाग नाही. दर आठवड्याला तेच कुत्रं पकडणं महाग. अशा वेळी ट्रस्टकडे पैसे मागू नका, महिन्याभराचा पिंजरा मागा. तो ते सहज देतात.

भुरीला पुढच्या पायाला प्लास्टर झालं. सहा आठवडे ती शेजारच्या काकूंच्या जिन्याखाली राहिली, पोळी-दूध खाऊन गुबगुबीत झाली. शेवटच्या तपासणीला केस पेपरवर मालकाचा रकाना आला तेव्हा काकूंनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतःचं नाव लिहिलं. म्हणजे १९६२ ची फुकट सोय भुरीपुरती आता बंद.