वाढवून मिळालेल्या परताव्याचा हिशेब

ऑगस्ट २०२१ मध्ये मी सांगलीहून टेक्सासला एमएस करण्यासाठी आले, मे २०२३ मध्ये पदवी मिळाली आणि जुलैपासून विद्यार्थी व्हिसावरच, ओपीटीच्या (शिक्षणानंतर काही काळ काम करू देणाऱ्या) परवानगीने, नोकरीला लागले. त्या वर्षीचा पगार ३८,००० डॉलर होता आणि त्यातून फेडरल करापोटी ४,१०० डॉलर आधीच कापले गेले होते. २०२४ च्या फेब्रुवारीत विवरणपत्र भरायची वेळ आली तेव्हा घरातल्या मैत्रिणींनी एका गृहस्थांचा नंबर दिला. त्यांना सगळे ‘टॅक्सवाले काका’ म्हणत. ते परतावा इतरांपेक्षा जास्त मिळवून देतात, एवढीच त्यांची ख्याती होती आणि तेवढी मला पुरेशी वाटली.

काकांनी पगार आणि कापलेल्या कराचा दाखला असलेला डब्ल्यू-२, विद्यापीठाकडून आलेला फीचा दाखला म्हणजे १०९८-टी, सोशल सिक्युरिटी नंबर आणि बँक खात्याचा तपशील मागितला. मी या देशात कधी आले, कोणत्या व्हिसावर आहे, हे त्यांनी विचारले नाही. खरे तर पहिला प्रश्न तोच असायला हवा होता, कारण एफ-१ व्हिसावरील विद्यार्थी सर्वसाधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षे कराच्या दृष्टीने अनिवासी मानला जातो आणि त्याने निवासींचा १०४० नव्हे, तर अनिवासींचा १०४०-एनआर हा फॉर्म भरायचा असतो. भारतीय विद्यार्थ्यांना दोन देशांमधील करारामुळे त्या फॉर्मवरही प्रमाणित वजावट, म्हणजे उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम, घेता येते. २०२३ साठी ती १३,८५० डॉलर होती. त्या हिशेबाने माझा कर २,६७८ डॉलर होत होता आणि हक्काचा परतावा १,४२२ डॉलर. हे गणित मी आज सहज मांडते. तेव्हा ते कुणी मांडले असते तरी मी ऐकले असते की नाही, याची मला खात्री नाही, कारण काकांनी ३,९०२ डॉलरचा आकडा सांगितला होता. तेवढी रक्कम तीन आठवड्यांत खात्यात जमा झाली आणि त्यातले १५ टक्के, म्हणजे ५८५ डॉलर, मी आनंदाने त्यांना पाठवून दिले. भरलेल्या विवरणपत्राची प्रत मागितल्यावर ‘पाठवतो’ असे उत्तर आले. ती कधीच आली नाही.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये आयआरएसचे, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचे, टपालाने पत्र आले. शैक्षणिक सवलत आणि व्यवसायातील तोटा यांचे पुरावे मागितले होते. माझा कसला व्यवसाय! काकांचा फोन बंद लागत होता. आयआरएसच्या संकेतस्थळावर स्वतःच्या खात्याचा उतारा पाहता येतो, हे मला त्या दिवशी कळले. तो उघडल्यावर दिसले की माझ्या नावावर ३,९०२ नव्हे, तर ५,००२ डॉलर परतावा निघाला होता. नंतर ३० डॉलर भरून मागवलेल्या विवरणपत्राच्या प्रतीत उरलेल्या ११०० डॉलरचा उलगडा झाला: परतावा दोन खात्यांत विभागण्याच्या ८८८८ क्रमांकाच्या फॉर्मवर दुसरे खाते होते आणि ते माझे नव्हते.

त्याच प्रतीत ९,००० डॉलरचा कपोलकल्पित धंद्यातला तोटा दाखवला होता आणि २,५०० डॉलरची अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी ही शैक्षणिक सवलत घेतली होती. ही सवलत उच्च शिक्षणाच्या पहिल्या चार वर्षांपुरतीच असते; एमएस करणाऱ्या, त्यातून अनिवासी, विद्यार्थिनीला ती मिळण्याचा प्रश्नच नव्हता. विवरणपत्र तयार करणाऱ्याच्या सहीच्या जागी ‘स्वतः भरले’ असे नोंदवलेले होते. पैसे घेऊन विवरणपत्र तयार करणाऱ्या प्रत्येकाने सही करून आपला पीटीआयएन हा नोंदणी क्रमांक लिहिणे कायद्याने बंधनकारक आहे. सही न करणाऱ्याला इथे ‘घोस्ट प्रिपेअरर’ म्हणतात, आणि कायद्याच्या लेखी ते विवरणपत्र माझेच होते.

नोंदणीकृत हिशेबनीस बाईंनी १०४०-एनआर जोडून दुरुस्ती पाठवली. मला ३,५८० डॉलर परत करावे लागले, त्यावर २० टक्के दंडाचे ७१६ डॉलर आणि शिवाय व्याज. काकांचे शुल्क धरून हिशेब केला तर हक्काचे १,४२२ डॉलर मिळायचे ते राहिलेच, उलट व्याज आणि बाईंची फी सोडूनही पदरचे ९७९ डॉलर गेले. १४१५७ आणि १४१५७-ए हे तक्रारीचे दोन्ही फॉर्म भरून पाठवले आहेत. ११०० डॉलरबाबत अजून काही कळलेले नाही.

बाईंनी मला विचारले की विद्यापीठातल्या व्हिटा केंद्रात का गेला नाहीत. मर्यादित उत्पन्न असलेल्यांची विवरणपत्रे तिथे प्रशिक्षित स्वयंसेवक फुकट भरून देतात आणि काही केंद्रांवर परदेशी विद्यार्थ्यांचीही सोय असते. काकांकडे माझ्या आधी बसलेला तरुण अमेरिकन सैन्यात होता. सैनिकांसाठी संरक्षण खात्याची ‘मिलटॅक्स’ ही विनामूल्य सेवा आहे, तरीही तो १५ टक्के द्यायला तिथे आला होता.

काकांचा नंबर मी पुढे तीन ज्युनिअर मुलींना दिला होता. पत्र आल्याच्या आठवड्यात तिघींना फोन करून सगळे सांगितले आणि उतारे काढायला लावले. एकीने मुळात रिटर्न काकांकडून भरलेच नव्हते. दुसरीच्या उताऱ्यावरचा आकडा तिच्या बँकेतल्या रकमेशी जुळला, पण तिच्याही नावावर धंद्यातला तोटा होता. तिसरीच्या परताव्यातले ८०० डॉलर कमी होते. ती मला अजूनही ‘ताई’ म्हणते, पण पूर्वीसारखी बोलत नाही.