तांब्याची म्हणून ॲल्युमिनियमची केबल गळ्यात मारली, गाडी पेटता पेटता वाचली

गाडीत वूफर (जड आवाजाचा मोठा स्पीकर) आणि ॲम्प (त्याला ताकद देणारा ॲम्प्लिफायर) बसवणार असाल तर केबल आधी ब्लेडने खरवडून बघा. मी बघितली नाही. 29,500 रुपये गेलेच, वर बायको आणि मुलगी मागे बसलेली असताना बॉनेटमधून धूर निघाला. आजही तो वास नाकातून जात नाही.

हिशेब असा: ॲम्प 11,500, वूफर 7,800, वूफरचं खोकं 3,500, वायरिंग किट 4,200, मजुरी 2,500. यातले 20,000 यूपीआयने दिले, तेही दुकानाच्या नाही, कुणाच्या तरी खासगी खात्यावर. उरलेले 9,500 रोख. "पक्कं बिल घेतलंत तर जीएसटी वर लागेल, साहेब," दुकानदार म्हणाला आणि मी साध्या चिठ्ठीवर गप्प बसलो.

मला कळायला हवं होतं ते तिथेच. फिटरने बॉनेट उघडताना केबलचं वेटोळं माझ्या हातात दिलं. चार गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप) पाच मीटर केबल खरी तांब्याची असेल तर जवळपास किलोभर भरते. हे अर्धा किलोही नसेल. करंगळीएवढी जाड, पण जाडी सगळी प्लास्टिकची. त्याने टोक कापलं तर आत पांढरं. मी विचारलं, "हे पांढरं कसं?" तो म्हणाला, "टिन्ड आहे, गंज धरत नाही." टिन्ड, म्हणजे कथलाचा मुलामा दिलेलं तांबं खरंच असतं, बोटींच्या वायरिंगला वापरतात, हे मला माहीत होतं. म्हणूनच मी फसलो. अहो, टिन्ड वायर बाहेरून पांढरी आणि आत लाल असते. ही बाहेरून लाल आणि आत पांढरी होती! ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. डोळ्यांसमोर होतं आणि मी मान डोलावली.

बॅटरीजवळ फ्यूज नाही, हेही मी विचारलं होतं. "ॲम्पला दोन आहेत की!" ॲम्पचा फ्यूज ॲम्पला वाचवतो. बॅटरीपासून डिकीपर्यंत जाणाऱ्या केबलला वाचवणारा फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत लागतो. आणि इंजिनकडच्या पत्र्याला भोक पाडून केबल तशीच ओढलेली, भोकाच्या कडेला बसवायची रबरी रिंग, म्हणजे ग्रोमेट, नाही. पत्र्याची धार बावीस दिवसांत प्लास्टिक कापत गेली आणि आतली तार पत्र्याला टेकली.

खेड शिवापूरच्या अलीकडे दिवे मिचमिचले, मग धूर. एका टेम्पोवाल्या दादांनी दहा नंबरचा पाना दिला, त्यांनीच टॉर्च धरला, मी बॅटरीची निगेटिव्ह काढली. बाजूचं कंपनीचं वायरिंगही वितळलं होतं. त्याचे 6,850 वेगळे. बाहेरून काम केलंय म्हणून वॉरंटी नाही.

दुकानदार म्हणाला, "तुम्हीच आवाज जास्त ठेवला असेल." चौकीत गेलो तर हवालदारांनी चिठ्ठी उलटीपालटी केली. "हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा." मी म्हणालो, खोटा माल खरा म्हणून विकणं ही फसवणूक नाही का? "साहेब जेवायला गेलेत." दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी म्हणे, बिल आणा. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तर दुकानदाराकडून उत्तर नाही म्हणून बारा दिवसांत तक्रारच बंद! उत्तर न देणाऱ्याला काही नाही, तक्रार करणाऱ्यानेच पुन्हा दारोदार फिरायचं. गाडी जळून माणूस गेला असता तर धावले असते सगळे.

ॲम्पच्या पॅकिंगवर छापलेल्या "3000 वॉट"वर जाऊ नका. ॲम्पच्या मागचे फ्यूज मोजा. माझ्या ॲम्पला 20 अँपिअरचे दोन होते, म्हणजे 14 व्होल्टला आतच 560 वॉट जातात, बाहेर 3000 कुठून येणार? आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे खरे वॉट, विचारा. पैसे दुकानाच्याच नावावर द्या. काम चालू असताना चहाला जाऊ नका, मी गेलो होतो. आणि बिल घ्याच, जीएसटी लागला तर लागू दे.

जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. अर्ज लिहून झालाय. यूपीआयची नोंद, चिठ्ठी, फोटो लावलेत. आणि त्या केबलचा वीतभर तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलाय, एका टोकाला खरवडलेला, आत पांढराफटक. सुनावणीला तोच टेबलावर ठेवणार आहे.