धारा आटोपल्यावर बघितलेलं ॲनिमे: खानापूर भागातल्या एका आईचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घरी ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका आणि चित्रपट, चालू आहे. पोरं आधीपासून बघायचीच. मी त्यांच्याबरोबर बसायला लागले ते आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला पाऊस नेटानं लागला आणि संध्याकाळनंतर घराबाहेर पडायचं बंद झालं तेव्हा. तेव्हापासून बरंच बघून झालं. काही मालिका दोनदा बघितल्या, काही अर्ध्यात सोडल्या. लिहायला बसले कारण पालकांसाठी म्हणून जे वाचायला मिळतं ते 'पोरांना दाखवावं की नको' एवढ्यापाशीच थांबतं. आईबापाला स्वतःला काय आवडलं, कोण मनात घर करून राहिलं, हे कोणी सांगत नाही.

मी म्हशी सांभाळते. पहाटे धार, शेणघाण, डेअरीला दूध, दुपारी वैरण, संध्याकाळी परत धार. त्यामुळे पडद्यावर कोणी काम करताना दिसलं की माझी नजर आधी त्याच्या हातांवर जाते. टीव्हीवरच्या आपल्या मालिकांत घर दिसतं, पण घर चालवायला जे राबावं लागतं ते दिसत नाही. चांगल्या ॲनिमेत ते दिसतं. भात शिजतो, स्क्रू पिळले जातात, डबा भरला जातो, आणि त्याला वेळ दिलेला असतो. मला आवडलेल्या सगळ्या मालिका या एका गोष्टीवर निवडल्या गेल्या, हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

सगळ्यात वर 'सिल्व्हर स्पून'. 2013 आणि 2014 साली आलेली, 11-11 भागांचे दोन सीझन. हाचिकेन नावाचा शहरातला हुशार पोरगा मार्कांच्या शर्यतीला आणि बापाच्या धाकाला कंटाळतो आणि होक्काइदोतल्या एका शेतकी शाळेत नाव घालतो. तिथं घरापासून लांब राहायला मिळतं, एवढंच त्याला हवं असतं. बाकीची सगळी पोरं शेतकऱ्यांची, गोठेवाल्यांची. त्यांना आपण पुढं काय होणार हे ठाऊक आहे, याला काहीच ठाऊक नाही. माझा थोरला यंदा दहावीला. घरात येणारा प्रत्येक पाहुणा 'पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्सच घे' म्हणून सांगून जातो. तो ही मालिका किती गप्प बसून बघत होता ते मी बघत होते.

अंडं कोंबडीच्या कुठून बाहेर येतं हे कळल्यावर हाचिकेनच्या घशाखाली घास उतरत नाही, आणि मग ते ताजं अंडं भातावर घालून खाल्ल्यावर तो बदलतो. इथपर्यंत पोरं हसत होती. पुढं डुकराच्या पिलांतलं सगळ्यात अशक्त पिल्लू त्याला लळा लावतं. नाव ठेवू नकोस, नंतर जड जाईल, असं सोबतचे सांगतात. तो नाव ठेवतोच, आणि तेही डुकराच्या मांसाच्या भातावरून: बुताडोन. बुताडोनला पाठवायची वेळ येते तेव्हा तो पळवून नेत नाही, कोणी येऊन वाचवतही नाही. सुट्टीत एका गोठ्यावर राबून मिळवलेल्या पैशानं तो त्याचं सगळं मांस विकत घेतो, स्वतः धुरी देऊन टिकवतो आणि सगळ्यांना वाढतो.

आमच्या घरात डुकराचं मांस कोणी खात नाही. पण म्हशीला रेडा झाला की त्याचं पुढं काय होतं हे गोठा असलेल्या प्रत्येक घराला माहीत असतं, आणि पोरांसमोर त्यावर कोणी बोलत नाही. धाकटीनं मागं अशाच एका रेडकाला नाव ठेवलं होतं. तो भाग संपल्यावर तिनं थेट विचारलं, आणि मी थेट सांगितलं. त्याला का ठेवता आलं नाही, पेंडीचा खर्च किती, दुधाचे पैसे किती, सगळं. ती रडली, पण दुसऱ्या दिवशी स्वतःहून गोठ्यात आली. पोराला न फसवता इतकी अवघड गोष्ट सांगायला मदत करणारी दुसरी मालिका मी बघितलेली नाही.

दुसऱ्या सीझनमध्ये कोमाबा नावाच्या पोराच्या घरचा गोठा कर्जापायी मोडतो. बेसबॉलमध्ये पुढं जायचं त्याचं स्वप्न, चेंडू टाकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, आणि त्याला शाळाच सोडावी लागते. गायी जातात. एवढ्यावर थांबत नाही. त्या कर्जाला शेजारचे मिकागे जामीन राहिलेले, त्यामुळे त्यांच्या दावणीची घोडी विकायची वेळ येते. हे बघताना आमच्या घरात कोणी हललं नाही. धाकटी म्हणाली, "आई, त्यांच्यातबी जामीनदार असत्यात काय गं?" सोसायटीच्या कर्जाला जामीन राहून माणसं कशी अडकतात हे आमच्या गावानं बघितलं आहे. जपानच्या टोकाच्या बेटावर, बर्फात, यंत्रानं दूध काढणाऱ्या लोकांचंही तेच दुखणं निघतं. कोमाबा त्यानंतर कोणावर ओरडत नाही, कोणाची कीव घेत नाही, कामाला लागतो. माझ्या आवडीच्या पात्रांत त्याचा नंबर फार वरचा.

हे इतकं खरं का उतरलं ते थोरल्यानं शोधून सांगितलं. लिहिणाऱ्या हिरोमु आराकावा बाई स्वतः होक्काइदोतल्या गोठेवाल्या घरात वाढलेल्या. शेतकी शाळेत शिकल्या, चित्रकार व्हायला टोकियोला जाण्याआधी सात वर्षं घरच्या गोठ्यात राबल्या. स्वतःचं चित्र काढायचं झालं तर त्या गाय काढतात. हे कळल्यावर मी म्हटलं, या बाईचं अजून काय आहे ते लाव.

ते निघालं 'फुलमेटल अल्केमिस्ट'. याच्या दोन मालिका आहेत. 2003 सालची 51 भागांची, ती मूळ चित्रकथा पूर्ण व्हायच्या आधी केलेली असल्यानं पुढं वेगळ्या वाटेनं जाते. 2009 सालची 'ब्रदरहुड' 64 भागांची, ती बाईंच्या कथेप्रमाणे शेवटपर्यंत नेते. आम्ही 'ब्रदरहुड' बघितली. एडवर्ड आणि अल्फॉन्स हे दोघे भाऊ मेलेल्या आईला किमयेनं परत आणायला जातात. आई येत नाही. थोरल्याचा पाय जातो, धाकट्याचं अख्खं शरीर जातं, आणि त्याचा जीव तरी राखायला थोरला आपला हातही देतो. काही मिळवायचं तर तेवढ्याच मोलाचं काही द्यावं लागतं, हा तिथला नियम. पेंड घातल्याशिवाय दुधाला फॅट लागत नाही हे रोज बघणाऱ्या बाईनं हा नियम लिहिला, याचं मला मुळीच नवल वाटलं नाही.

यातली माझी सगळ्यात लाडकी इझुमी कर्टिस, या दोन भावांची गुरू. नवऱ्याचं मटणाचं दुकान, अंगात दुखणं, मधूनच रक्ताची गुळणी येते, आणि चार-चार गडी आडवे करते. तू कोण म्हणून विचारलं की सांगते, गृहिणी. शिकवणी धरायच्या आधी तिनं या दोन पोरांना महिनाभर एका बेटावर एकटं सोडलं होतं, आपलं आपण पकडून खा आणि जगून दाखवा म्हणून. तिचं स्वतःचं बाळ गेलेलं असतं, आणि तिनंही तीच चूक केलेली असते. पोरं आपला गुन्हा कबूल करतात तेव्हा ती आधी त्यांना जवळ घेते. त्यानंतर शिष्य म्हणून काढून टाकते. तिचा नवरा सिग, जो फारसं बोलतच नाही, तो पोरांना समजावतो की आता गुरू-शिष्य राहिला नाहीत, म्हणजे बरोबरीनं बोलू शकता. पोरं माघारी येतात. माया आणि शिस्त एकाच बाईत इतकी सरळ उभी केलेली मी आधी बघितली नव्हती. मला तशी आई व्हायला आवडेल.

अकरावा भाग आमच्याकडच्या बायकांनी तरी बघावाच. पाऊस कोसळतोय, पूल तुटलेला, एक बाई अडलेली, आणि डॉक्टर पोचू शकत नाही. विनरी ही पंधरा-सोळा वर्षांची पोरगी, लोखंडी हात-पाय बसवणारी कारागीर. आई-वडील डॉक्टर होते, लहानपणी त्यांची पुस्तकं वाचलेली, तेवढ्या बळावर ती पुढं होते. जग हलवणारे ते दोन किमयागार बाहेर बसून राहतात. कणकुंबीकडच्या जंगलातल्या वाड्यांवर पावसाळ्यात बाळंतपण निघालं तर काय होतं, हे आम्ही ऐकत मोठ्या झालो. सासूबाईंनी तो भाग उभ्यानंच बघितला.

एक मात्र आधीच सांगते. चौथा भाग लहान पोराला दाखवू नका. एक बाप, त्याची छोटी मुलगी आणि त्यांचा कुत्रा, एवढंच सांगते. मी तो आधी एकटीनं बघितला आणि धाकटीला गाळून पुढचा लावला. ह्यूजेस नावाचा एक फौजी भेटेल, येईल-जाईल त्याला आपल्या मुलीचा फोटो दाखवणारा. आमच्या ह्यांचं ते आवडतं पात्र. त्याच्याबद्दल अधिक लिहीत नाही, बघणाऱ्याचा हक्क जाईल.

थोरला शाळेच्या टीममध्ये व्हॉलीबॉल खेळतो, म्हणून 'हायक्यू' लागलं. बुटका हिनाता आणि घमेंडी कागेयामा यांची कथा 2014 सालापासूनची, चार सीझन. पोराला उड्या आणि स्मॅश आवडतात, मला त्यातली मोठी माणसं आवडतात. ताकेदा सरांना खेळातलं काही कळत नाही, पण पोरांना सामने मिळावेत म्हणून ते दुसऱ्या शाळांपुढं वाकून वाकून विनवण्या करतात. कोच उकाई घरचं दुकान सांभाळून शिकवायला येतो. पहिल्या सीझनच्या शेवटाकडं टीम हरते. उकाई भाषण करत नाही. सगळ्यांना जेवायला नेतो आणि सांगतो, धावून-उड्या मारून स्नायू फाटलेत, आता खा, खाल्ल्यावरच ते भरून येतात आणि मजबूत होतात. पोरं घास घेता घेता रडतात. त्या रात्री मी चुलीपाशी होते आणि थोरला हाक मारून म्हणाला, "आई, हे बघ, हे तुझंच आहे." हरून आलेल्या पोराला आधी ताट वाढायचं, विचारायचं ते नंतर, हे आमच्याकडं पहिल्यापासून आहे.

'डीमन स्लेयर'चा तांजिरो कोळसे विकून घर चालवणारा थोरला पोरगा. अंगात हाडं मोडलेली असतानाही तो स्वतःला बजावतो, मी थोरला आहे म्हणून सोसू शकलो. हे वाक्य आमच्या भागातल्या प्रत्येक थोरल्याला लागू पडेल. पण मुंडकी उडतात आणि रक्त फार, म्हणून धाकटी झोपल्यावरच लावतो. 'नारुतो' थोरल्याचा जीव की प्राण. पहिली मालिका 220 भागांची, पुढची 500 भागांची, आणि मधले कितीतरी भाग कथा पुढं न नेणारे. गोठा असलेल्या बाईला हे जमणारं नाही. 'स्पाय फॅमिली' धाकटीची. त्यातली छोटी पोरगी आन्या गोड आहे, पण संपल्यावर माझ्याजवळ फारसं काही उरत नाही.

सासूबाईंना एकच हवं असतं, 'माय नेबर तोतोरो'. दिग्दर्शक मियाझाकींचा 1988 सालचा चित्रपट. आई दवाखान्यात, म्हणून थोरली सात्सुकी सकाळी उठून सगळ्यांचे डबे भरते. शेजारची म्हातारी आपल्या परड्यातल्या भाज्या पाण्यात गार करून पोरींना खायला देते. धाकटी मेई मक्याचं कणीस आईसाठी म्हणून उराशी धरून एकटीच निघते, आणि अख्खं गाव तिला शोधायला बाहेर पडतं. भाषा कळत नसताना सासूबाई शेवटपर्यंत बसतात. तोतोरोपेक्षा त्यांना ती म्हातारी जवळची. लहान पोरं असलेल्या घरानं सुरुवात इथूनच करावी, कसलीही भीती नाही.

वापरताना येणाऱ्या अडचणीही सांगते. पावसात आमच्याकडं करंट जातो, रेंज तर त्याच्याही आधी जाते. त्यामुळे बाजाराला शहरात गेलो की भाग डाउनलोड करून आणतो. गाजलेल्या बऱ्याच मालिका हिंदीत मिळतात, पण आम्हाला मराठीत किंवा कन्नडमध्ये एकही मिळाली नाही. जिथं हिंदी नाही तिथं थोरला इंग्रजी सबटायटल वाचून आम्हाला सांगतो, आणि त्यात त्याचं इंग्रजी सुधारलं हे त्याच्या सरांच्याही लक्षात आलं. एक गोष्ट मला अजिबात पटत नाही: चांगल्या चाललेल्या कथेत मध्येच पोरींची अंगं नको तशी काढलेली असतात. अशा दोन मालिका मी पहिल्याच भागाला बंद केल्या आणि का बंद करते ते पोरांना सांगून बंद केल्या. वयाची खूण नावाखाली दिलेली असते, तरी पहिला भाग आईबापानं सोबत बसून बघावा.

आता अडलंय ते 'सिल्व्हर स्पून'पाशी. कोमाबाचं पुढं काय झालं, मिकागेच्या पोरीला घोड्यांचं काम मिळालं का, हे मालिकेत येत नाही. 22 भागांत ती मध्येच थांबते. मूळ चित्रकथा 2019 साली पूर्ण झाली, तिचे 15 खंड आहेत. बेळगावात, कोल्हापुरात किंवा हुबळीत कोणाला इंग्रजी खंड मिळाले असतील तर दुकान कळवा. दहावीची परीक्षा संपली की थोरल्याला तेच घेऊन द्यायचं मी कबूल केलंय.